तिकीट वाटणारी माणसं : आयोवा ते न्यू हॅम्पशायर, तेरा दिवस

जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं नोकरी झाली आणि एखाददुसरी सोडली तर प्रत्येक निवडणुकीला माझी ड्यूटी लागली. तालुक्याला जाऊन साहित्य ताब्यात घ्यायचं, यादीशी ताडून बघायचं, एसटीनं गावात पोचायचं, वर्गातली बाकं बाजूला सारून सतरंजीवर पाठ टेकायची, पहाटे मॉक पोल आणि संध्याकाळी सील. चार-पाच वेळा तर केंद्राध्यक्षही होते. त्यामुळे लेक जेव्हा म्हणाली, "आई, सोमवारी इथे कॉकस आहे, पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायची सभा, बघायला येऊ देतात," तेव्हा माझे कान टवकारले.

ऑक्टोबरपासून मी तिच्याकडे होते, नातवासाठी. घर आयोवाच्या राजधानीला लागून. राजधानीच्या नावाच्या स्पेलिंगमधले दोन्ही 'स' गिळायचे आणि 'डे मॉइन' म्हणायचं, हे शिकायला मला आठवडा लागला. लेक-जावई दोघेही नागरिक नाहीत, त्यामुळे मतदान कुणालाच नाही. पण बघायला काय हरकत?

शुक्रवार, १२ जानेवारी २०२४. डे मॉइन

सकाळी पडदा सारला तर समोरचं घरच गायब! हिमवादळ. मंगळवारी पडलेला बर्फ वितळला नव्हता, त्यावर हा नवा थर. रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्यांच्या सभा भराभर रद्द होत होत्या. निकी हेलींनी तर लोकांना फोनवरच गोळा केलं.

दोनच दिवसांपूर्वी शिवसेनेच्या फुटीवरचा विधानसभा अध्यक्षांचा निकाल आला होता. 'पक्ष नेमका कुणाचा' यावर घरात आमचा वाद चालूच होता. दुपारी शेजारचे आजोबा बर्फ ओढायचं यंत्र घेऊन आमचीही वाट मोकळी करून गेले. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त शेतकरी, मका आणि सोयाबीन. चहाला आत बोलावलं आणि तोच प्रश्न त्यांना विचारला. तुमचा रिपब्लिकन पक्ष कुणाचा?

त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, मी रिपब्लिकन आहे, कारण मतदार नोंदणीच्या अर्जात त्या चौकटीत खूण केली आहे. वर्गणी? नाही. पावती? नाही. पक्षानं तुम्हाला काढून टाकलं तर? आजोबा हसायलाच लागले. "मला कोण काढणार?"

इथूनच माझ्या डोक्यात किडा वळवळू लागला. आपल्याकडे पक्ष म्हणजे नेता, चिन्ह, कार्यालय आणि शेवटच्या तासाला धावत येणारा एबी फॉर्म. इथे पक्षाची उमेदवारी कुणाला द्यायची ते या चौकटीत खूण करणारे ठरवतात. देशाच्या अध्यक्षपदापासून खालपर्यंत. पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष असतात, पण आजोबांना त्यांचं नाव आठवेना.

शनिवार, १३ जानेवारी. डे मॉइनचा मध्यभाग

जावयांनी गाडी काढली आणि आम्ही शहरात गेलो. कॅपिटॉलचा, म्हणजे इथल्या विधानभवनाचा, सोन्याचा घुमट बर्फात असा चमकत होता की नजर ठरत नव्हती. वर २३ कॅरेट सोन्याचा पत्रा आहे म्हणे. मध्यवस्तीतल्या इमारती पहिल्या मजल्यावरून काचेच्या पुलांनी जोडल्या आहेत. मैलोन् मैल आतल्या आतच चालता येतं. त्या पुलांवर जगभरचे पत्रकार नुसते हिंडत होते, कारण बऱ्याच सभा रद्द झाल्या होत्या. एका जपानी पत्रकारानं माझ्यासमोर माइक धरला. मी सांगितलं, मी सांगलीची. तो मान लववून पुढे गेला.

घरी टीव्ही लावला की प्रत्येक जाहिरात निवडणुकीची. आयोवाची लोकसंख्या ३२ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी. पण पहिला कौल इथला, म्हणून वर्षभर सगळे उमेदवार इथे तळ ठोकून. राज्यात ९९ काउंट्या, म्हणजे प्रशासकीय विभाग, आहेत. त्या सगळ्या फिरून येण्याला इथे 'फुल ग्रासली' म्हणतात. चक ग्रासली नावाचे इथले सिनेटर दरवर्षी तसे फिरतात, त्यांच्यावरून. रॉन डिसॅन्टिस यांनी ९९ पुऱ्या केल्या, विवेक रामस्वामींनी दोनदा केल्या. पंढरीची वारी केल्यासारखं लोक ते कौतुकानं सांगत होते.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण आम्ही फसता फसता वाचलो. उमेदवाराच्या अधिकृत दुकानातली टोपी किंवा कॉफीचा मग विकत घेणं म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं त्याला देणगी देणं. आणि परदेशी नागरिकानं देणगी देणं बेकायदा. आठवण हवीच असेल तर रस्त्यावरच्या स्वतंत्र विक्रेत्याकडून घ्या. दुसरं, फोन आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा. माझा पुलाच्या बाहेर दहा मिनिटांत बंद पडला, चार्जिंग असूनही.

रविवार, १४ जानेवारी. एमस

गाडी सुरूच होईना. बॅटरी गारठली. आजोबा-आजी एमसला हेलींच्या सभेला निघाले होते, त्यांनी आम्हा मायलेकींना बरोबर घेतलं. तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना पांढरं सपाट शेत, मधूनच एखादी ट्रकची धूड खड्ड्यात कलंडलेली. आजोबा प्रत्येक धूड मोजत होते.

सभा बार्बेक्यूच्या हॉटेलात. सभा म्हणायचं इतकंच. ना मंच, ना हार, ना 'आपल्या सर्वांचे लाडके'. भाजलेल्या मांसाचा वास दाटलेला, लोक ताटं हातात धरून उभे, आणि साउथ कॅरोलायनाच्या माजी गव्हर्नर, संयुक्त राष्ट्रांतल्या माजी राजदूत माझ्यापासून पंधरा फुटांवर. अमृतसरकडून आलेल्या शीख आईबापांची ही मुलगी, माहेरची रंधावा. तेराव्या वर्षी आईच्या दुकानाचे हिशेब लिहायला लागले, हे त्या हमखास सांगतात. बोलणं नेमकं, शिक्षिकेसारखं. मला आवडलं.

परतताना आजी मात्र फुरंगटलेल्या. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात हेली न्यू हॅम्पशायरात बोलून बसल्या होत्या की आयोवा सुरुवात करतं आणि तुम्ही ते दुरुस्त करता. "आम्ही काय चुका करायला बसलोय?" आजी म्हणाल्या. तरी मत त्यांनाच देणार होत्या.

सोमवार, १५ जानेवारी. संक्रांत आणि कॉकस

योगायोग बघा, यंदा संक्रांत १५ ला. नातवाची पहिली. हलव्याचे दागिने मी सांगलीहूनच आणले होते, काळं झबलं लेकीनं शिवून घेतलं होतं. प्रश्न बोरांचा. आयोवात जानेवारीत बोरं कुठली? ब्लूबेरी घेतल्या, चुरमुऱ्यांऐवजी डब्यातले राइस क्रिस्पी, उसाच्या गंडेऱ्यांऐवजी मार्शमॅलो. शेजारच्या आजी-आजोबांना बोलावलं. पोराच्या डोक्यावरून खाऊ ओतला तेव्हा आजोबांनी गुडघे टेकून मार्शमॅलो वेचले.

आजींनी येताना स्कॉचरू नावाची वडी आणली होती. राइस क्रिस्पी, साखरेचा पाक, शेंगदाण्याचं लोणी आणि वर चॉकलेट. म्हणजे चुरमुऱ्याचा लाडूच, सूट घातलेला! मी त्यांना तिळगूळ दिला आणि 'गोड बोला'चा अर्थ सांगितला. आजोबा आजींकडे बघून म्हणाले, "आज रात्री बारापर्यंत तरी." ते ट्रम्पवाले.

संध्याकाळी सहाला निघालो तेव्हा पारा उणे २० सेल्सिअसच्या आसपास. आयोवाच्या इतिहासातला सगळ्यात थंड कॉकस. नाकातले केस गोठतात म्हणजे काय, ते तिथे कळलं. श्वास घेतला की आत बारीक सुया टोचतात.

जागा एका शाळेचं जेवणघर. भिंतीवर आठवड्याचा मेनू, कोपऱ्यात दुधाच्या पेट्या. दारात लांब टेबलं. मी सवयीनं शाई शोधत होते. शाई नाही, यंत्र नाही, पोलीस नाही, शासनाचा एकही माणूस नाही. कॉकस पक्षाचा असतो. जागा पक्षानं मिळवायची, माणसं पक्षाची, तीही स्वयंसेवक. उमेदवार निवडायची दुसरी पद्धत म्हणजे प्रायमरी, ती राज्य सरकार घेतं, आपल्या मतदानासारखी. हा फरक मी त्या रात्री पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला.

ओळखपत्र बघत होते. आजींची नोंद कुठल्याच पक्षात नव्हती. टेबलावर एक अर्ज मिळाला, उभ्या उभ्या भरला, दोन मिनिटांत त्या रिपब्लिकन! मतदान केंद्राच्या दारात पक्षप्रवेश, तोही शाल-श्रीफळाशिवाय. त्यांची नात सतरा वर्षांची, पण ५ नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीपर्यंत १८ पुरी होणार म्हणून तिलाही मत. आम्हाला पाहुण्यांच्या खुर्च्या भिंतीकडेला.

सात वाजता सगळे उभे राहिले, छातीवर हात, झेंड्याची शपथ. सभेचा अध्यक्ष तिथल्या तिथे निवडला, हात वर करून. मग एक पाकीट फिरलं, जिल्ह्याच्या पक्षासाठी ऐच्छिक वर्गणी. आणि भाषणं. प्रत्येक उमेदवारातर्फे जो उठेल तो बोलणार, दोन-तीन मिनिटं. ट्रम्पतर्फे पांढऱ्या टोपीवर सोनेरी अक्षरं भरलेला एक गृहस्थ, त्यांच्या कॉकस कॅप्टनांना दिलेली खास टोपी. डिसॅन्टिसतर्फे एक बाई, चार मुलांची आई, कागद थरथरत होता. हेलींतर्फे कुणी पुढे येईना. शेवटी आमच्या आजीच उठल्या! "मी दहा मिनिटांपूर्वी रिपब्लिकन झाले," इथून सुरुवात केली आणि हॉल हसला. रामस्वामींतर्फे एक कॉलेजचा मुलगा. इथे 'विवेक' हे नाव 'केक'शी जुळवून उच्चारतात, उमेदवार स्वतःच तसं सांगतो.

या भाषणांच्या मधेच गडबड झाली. साडेसात वाजून मिनिट झालं असेल, चार-पाच फोन एकदम थरथरले. कुजबुज. वृत्तसंस्थेनं ट्रम्प जिंकल्याचं जाहीरही केलं होतं! आणि आमच्या हॉलमध्ये अजून चिठ्ठ्या वाटायच्या होत्या. काही ठिकाणच्या पाहणीवरून आणि पहिल्या आकड्यांवरून त्यांनी गणित मांडलं, निकाल चुकीचाही नव्हता. पण समोरच्या रांगेतला एक माणूस कोट उचलून उठला, बायकोनं बाही धरून खाली बसवला. उणे वीसमध्ये आलेल्या माणसांना हे ऐकवायचं? मतदान संपेपर्यंत अंदाजही दाखवायचे नाहीत हा आपला नियम मला पहिल्यांदाच इतका शहाणपणाचा वाटला.

मग मतदान. एक कोरी चिठ्ठी, त्यावर नाव स्वतः लिहायचं. आडोसा नाही, मांडीवर ठेवून लिहायचं, शेजाऱ्यानं डोकावलं तर डोकावलं. चिठ्ठ्या गोळा करायला सिनेमागृहातली पॉपकॉर्नची बादली फिरवली. लाल-पांढरे पट्टे, तळाला थोडं तूपकट. मी आयुष्यभर लाख वितळवून मतपेट्यांवर मुद्रा उमटवल्या, आणि जगातल्या सगळ्यात ताकदवान खुर्चीची पहिली चिठ्ठी या बादलीत! हसावं की घाबरावं कळेना.

मोजणी मात्र टेबलावर, सगळ्यांच्या देखत. प्रत्येक उमेदवाराचा माणूस वाकून बघतोय, चिठ्ठी उघडायची, नाव वाचायचं, गठ्ठ्यावर ठेवायची. वीस मिनिटांत संपलं, आकडे मोठ्यानं वाचले, लोकांनी फोनमध्ये लिहून घेतले. आकडा सगळ्या गावानं ऐकला, आता वर कोण बदलणार? बादलीबद्दलचं माझं मत तिथे जरा मवाळ झालं. आमच्या हॉलमध्ये हेली थोडक्यात पुढे होत्या. आजींनी आजोबांकडे बघितलंसुद्धा नाही, नुसता पदर सावरावा तसा मफलर सावरला.

राज्यात चित्र वेगळं. ट्रम्प ५१ टक्के, डिसॅन्टिस २१, हेली १९, रामस्वामी जेमतेम ८. त्याच रात्री रामस्वामी शर्यतीतून बाहेर पडले. ९९ पैकी ९८ काउंट्या ट्रम्पकडे, उरलेली एक हेलींनी जिंकली, एका मतानं! आले होते सुमारे १ लाख १० हजार लोक. २०१६ मध्ये १ लाख ८७ हजार आले होते. आणि एवढा सगळा थाट कशासाठी, तर उमेदवारीवर शेवटचं मत देणाऱ्या रिपब्लिकन अधिवेशनातल्या २,४२९ प्रतिनिधींपैकी ४० जणांसाठी. नावारूपाला येण्याचा मान मोठा, हिस्सा चिमूटभर.

सूचना : बघायला जायचं तर पक्षाच्या स्थानिक माणसाला आधी विचारून ठेवा, तासभर आधी पोचा, आणि चिठ्ठ्या वाटल्या जाताना हात मांडीवर ठेवा. मला एक चिठ्ठी चुकून मिळालीच होती, परत केली.

मंगळवार-बुधवार, १६-१७ जानेवारी

पत्रकार पक्ष्यांच्या थव्यासारखे उडून गेले. शहर एकदम रिकामं. आजोबांकडे कॉफीला गेले तेव्हा त्यांनी मागची गोष्ट सांगितली.

१९६८ पर्यंत उमेदवार ठरवायचे ते पक्षातले बडे लोक. त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन शिकागोत भरलं, रस्त्यावर व्हिएतनाम युद्धाविरुद्धचे तरुण आणि पोलीस यांची धुमश्चक्री, आणि आत उमेदवारी मिळाली ह्युबर्ट हम्फ्रींना, जे एकाही प्रायमरीत उतरले नव्हते. लोक भडकले. त्यानंतर नियम बदलले आणि उमेदवारीची दोरी साध्या मतदारांच्या हाती आली. आयोवाचं 'पहिलं' असणंही तिथूनच, १९७२ पासून. कॉकस, मग काउंटीचं अधिवेशन, मग जिल्ह्याचं, मग राज्याचं, प्रत्येकात अंतर हवं, म्हणून सुरुवात जानेवारीत ढकलली. प्रत्येक टप्प्याचे कागद जुन्या यंत्रावर छापायला वेळ लागायचा हेही एक कारण सांगतात. त्यांनी हातानं फिरवायच्या यंत्राची खूण केली आणि मी ओरडलेच, "सायक्लोस्टाईल!" आमच्या शाळेच्या परीक्षेचे पेपर त्यावरच निघायचे. शाईनं कोपरापर्यंत हात काळे.

१९७६ ला जिमी कार्टर इथूनच वर आले. गंमत म्हणजे पहिला नंबर त्यांचा नव्हताच. सगळ्यात जास्त लोक 'अजून ठरवलं नाही' या गटात होते, कार्टर दुसरे.

डेमोक्रॅटांनी यंदा आयोवाचा मान काढून घेतला. २०२० मध्ये निकाल कळवायचं ॲप कोलमडलं आणि दिवसेंदिवस निकालच लागेना, त्याची लाज होतीच. शिवाय आयोवा फार गोरं, आमच्या मतदारांसारखं नाही, हा आक्षेप. आता त्यांची मतं टपालानं, निकाल ५ मार्चला.

गुरुवार-शुक्रवार, १८-१९ जानेवारी. नॅशुआ, कॉन्कर्ड

पुढचं मतदान न्यू हॅम्पशायरात, २३ तारखेला, तेही बघायला निघाले. बोस्टनला उतरले, बॅग एक दिवस उशिरा आली, त्यात काय सांगायचं. विमानतळावरून नॅशुआला थेट बस आहे, तीच घ्या. मामेबहीण तीस वर्षं तिथे आहे, नवरा-बायको दोघं नागरिक. दारातच म्हणाली, "ताई, तुला सांगते, यांचा पक्ष आहे, माझा नाही." भावोजी नोंदणीकृत डेमोक्रॅट, ही 'अनडिक्लेअर्ड', म्हणजे कुठल्याच पक्षात नोंद नाही. न्यू हॅम्पशायरात सुमारे ४० टक्के मतदार तसेच. त्यांना प्रायमरीच्या दिवशी कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते.

शुक्रवारी कॉन्कर्डच्या स्टेट हाउसला गेलो. विधानसभेत ४०० सदस्य, मानधन वर्षाला १०० डॉलर! आपल्या आमदारांच्या कानावर घालू नये. तळमजल्यावर जुन्या प्रचाराचे बिल्ले आणि फलक मांडलेत, तासभर सहज जातो, आणि तिकीट नाही. अध्यक्षपदाच्या प्रायमरीत उतरायचं तर याच इमारतीत यायचं, अर्ज भरायचा आणि १,००० डॉलर भरायचे. पक्षाचं पत्र लागत नाही. यंदा रिपब्लिकनांच्या पत्रिकेवर २४ नावं होती, डेमोक्रॅटांच्या २१.

त्या २१ मध्ये बायडन नव्हते. विद्यमान अध्यक्ष! राज्याचा कायदा म्हणतो की आमची प्रायमरी इतरांच्या आधी किमान सात दिवस झालीच पाहिजे. डेमोक्रॅटिक पक्षानं ठरवलं की पहिला मान साउथ कॅरोलायनाला. २०२० मध्ये बायडन आयोवात चौथे, इथे पाचवे, आणि साउथ कॅरोलायनानं त्यांना उचलून धरलं होतं, हे लक्षात घेतलं की उलगडा होतो. राज्य हटलं नाही, पक्ष हटला नाही, आणि बायडननी अर्जच भरला नाही. भावोजी रोज दारोदार सांगत फिरत होते की पत्रिकेवर त्यांचं नाव हातानं लिहा.

शनिवार-रविवार, २०-२१ जानेवारी. मँचेस्टर

मेरिमॅक नदीकाठच्या जुन्या कापडगिरण्या बघून मला इचलकरंजीची आठवण आली. लाल विटांच्या मैलभर रांगा, आता आत कचेऱ्या. दुपारी रेड अॅरो डायनरमध्ये. १९२२ पासूनचं, चोवीस तास उघडं, मोजकीच माणसं बसतील एवढंच. कोण मोठा माणूस कुठे बसला त्याच्या पाट्या आहेत. इथे येऊन कॉफी प्यायल्याशिवाय उमेदवाराचा प्रचार पुरा होत नाही. शाकाहारी असाल तर पॅनकेक मागवा आणि मेपलचं सिरप खरं आहे का ते विचारा. मला वाटलं काकवीच, पण पातळ आणि धुराचा वास असलेली.

रविवारी दुपारी डिसॅन्टिस बाहेर पडले. एक व्हिडिओ, संपलं. ९९ काउंट्या वाया.

संध्याकाळी समोरची बाई धावत आली. तिला फोन आला होता, आवाज थेट बायडन यांचा, मंगळवारी मत देऊ नका, नोव्हेंबरसाठी जपून ठेवा. आवाज यंत्रानं बनवलेला होता. असे हजारो फोन गेले होते. आमच्याकडे आदल्या रात्री पत्रकं वाटून अफवा पसरवतात ते मी पाहिलंय. हे त्याच्या पुढचं.

जेवताना मी भावोजींना विचारलं, अध्यक्षपद सोडा, खालच्या निवडणुकीत या प्रायमरीला काय अर्थ? ते म्हणाले, "तिथेच तर खरा अर्थ. आपल्या ठाणेदारांचंच बघा." श्री ठाणेदार, चिकोडीचा जन्म, बेळगावात वाढलेले, मराठी. २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले, तिसरे आले. २०२२ ला डेट्रॉइटकडच्या मतदारसंघात प्रायमरीत नऊ जण होते, मतं फुटली, ठाणेदार सुमारे २८ टक्क्यांवर पहिले आले. मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, त्यामुळे नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती. काँग्रेसमधली, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतली, जागा ऑगस्टमध्येच ठरली होती. आणि प्रायमरीला मुख्य निवडणुकीपेक्षा कमी लोक येतात. म्हणजे उमेदवारी लोक देतात हे खरं, पण किती लोक, हा प्रश्न राहतोच. सगळ्यात कट्टर माणूस बर्फातही येतो, बाकीचे घरी सूप पितात. आयोवाच्या हॉलमध्ये मी ते बघितलं होतं.

सोमवार, २२ जानेवारी

रात्री दोनला अयोध्येचं प्रक्षेपण बघायला बहिणीकडे आठ-दहा मराठी-गुजराती कुटुंबं जमली. बर्फात पणत्या. पहाटे झोप, दुपारी पुन्हा कांदेपोहे. मग रात्री बाराला पुन्हा टीव्हीसमोर, कारण उत्तरेच्या टोकाला डिक्सव्हिल नॉच नावाची वस्ती मध्यरात्रीच मतदान उरकते. मतदार सहा. सहाही मतं हेलींना. मोजायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एवढ्याशा केंद्रावर ड्यूटी लागती तर!

मंगळवार, २३ जानेवारी. प्रायमरी

शाळेची व्यायामशाळा. बाहेर फलक धरून दोन्हीकडचे लोक, एकमेकांना कॉफी देत. दाराशी पोरांनी केक-बिस्किटं विकायला मांडलेली. आत कठड्याबाहेरून बघायला परवानगी. प्रचाराची टोपी-बिल्ला घालून आत जाऊ नका, काढायला लावतात.

इथे मात्र मला घरी आल्यासारखं वाटलं. मतदार यादी, पट्टीनं आखलेली ओळ, नाव मोठ्यानं उच्चारणं, आडोसा. बहिणीनं रिपब्लिकन पत्रिका मागितली, त्या क्षणी ती रिपब्लिकन. मत दिलं, यंत्रात सरकवलं, आणि बाहेर पडताना दुसऱ्या टेबलावर सही केली, पुन्हा 'अनडिक्लेअर्ड'. अकरा मिनिटं रिपब्लिकन होती, मी घड्याळ लावलं होतं.

आठला दारं बंद झाली आणि लगेच वृत्तसंस्थेनं ट्रम्प विजयी म्हणून जाहीर केलं. ५४ टक्के, हेली ४३. पण व्यायामशाळेतलं काम तेव्हा कुठे सुरू झालं. यंत्राला हातानं लिहिलेली नावं कळत नाहीत. डेमोक्रॅटांच्या पत्रिका वेगळ्या काढून लांब टेबलांवर पसरल्या. निवृत्त झालेल्या बायका जोडीजोडीनं बसल्या, एक वाचणार, एक लिहिणार. बायडनचं स्पेलिंग किती प्रकारे चुकू शकतं! मतदाराचा हेतू कळला की मत धरायचं, हा नियम. काहींनी गाझाच्या निषेधात 'युद्धविराम' एवढंच लिहिलं होतं. आणि मोजायची पद्धत? चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. अगदी तीच. माझ्या समोरच्या बाईनं पेन्सिलीला टोक केलं, चष्मा वर सरकवला, आणि मला वाटलं की हिला उठवावं आणि म्हणावं, बाई, तुम्ही चहा घेऊन या, मी बसते.

उभ्याउभ्या बघता बघता साडेदहा झाले. बायडन जिंकले, नाव छापलेलं नसतानाही.

बुधवार, २४ जानेवारी आणि नंतर

परत डे मॉइनला आले. आजोबांनी रस्त्यापासून घरापर्यंतचा बर्फ ओढून ठेवला होता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सांगलीला पोचले, तर रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत एकच विषय, लोकसभेचं तिकीट. आघाडीत जागा काँग्रेसला हवी होती, ठाकरेंच्या शिवसेनेनं पैलवान चंद्रहार पाटलांचं नाव जाहीरही केलं होतं, विशाल पाटील काय करणार यावर पैजा लागलेल्या. परवा आजींचा व्हिडिओ कॉल आला, बागेत ट्यूलिप उगवलेत ते दाखवायला. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे निवडणूक आहे ना, मग प्रायमरी कधी?

मी म्हटलं, झाली बहुतेक. मुंबईला झाली.

"बघायला गेली होतीस?" आजींनी विचारलं.